बंद दाराशेजारी दुसरे दार हवे

साथ आली की कॉलेजचे शहर कसे बदलते, आणि वस्तीने त्यातून काय घ्यावे

पिशोरच्या वस्त्यांमधल्या घरांचा शहराशी संबंध रोजचा आहे. कुणाचा मुलगा कन्नडला कॉलेजात जातो, कुणाची मुलगी छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहून शिकते, कुणी एमआयडीसीत कामाला आहे. दुखणे जड झाले की शेवटी सगळे घाटीत पोहोचतात. म्हणून शहराची दारे बंद झाली की त्याचा धक्का आपल्या चुलीपर्यंत येतो. कोरोनाच्या काळात हे आपण भोगले. त्या दोन वर्षांत शहराने काय बंद केले, काय बदलले आणि काय विसरले, ते या वेळच्या आरोग्य पानावर समजून घेऊ. साथ पुन्हा येणार नाही असे कुणीच सांगू शकत नाही. मग तयारी आजच करायला हवी.

तेव्हा या शहराचे नाव औरंगाबाद होते. हे शहर कारखान्यांचे आणि लेण्यांचे जसे आहे, तसेच ते विद्यार्थ्यांचेही आहे. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत इथे कॉलेज सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली आपली लेकरे दरवर्षी या शहरात येतात, ती या दारांतून.

असे शहर साथीला लवकर का सापडते?

कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बाधित माणूस बोलतो, खोकतो, गातो किंवा घोषणा देतो, तेव्हा बारीक थेंब हवेत जातात. मोकळ्या हवेत ते विरून जातात. बंद खोलीत मात्र ते बराच वेळ राहतात. लागण झाल्यापासून लक्षण दिसायला बहुधा पाच-सहा दिवस लागतात, कधी चौदा दिवसही लागतात. त्यातले शेवटचे एक-दोन दिवस माणूस धडधाकट दिसतो, पण त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते.

आता विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत तीन-चार जण, एकच मेस, एकच अभ्यासिका, खच्चून भरलेली सिटी बस. शनिवार-रविवारी किंवा सणाला तोच मुलगा एसटीने गावी येतो आणि आजीच्या शेजारी जेवायला बसतो. तरुणाला दोन दिवस ताप येऊन तो बरा होतो. आजीला मधुमेह असेल, दमा असेल, तर तिच्या जिवावर बेतते. त्यामुळे मार्च २०२० च्या मध्यात शाळा-कॉलेजे बंद झाली, ते कारणाशिवाय नव्हते. गर्दी तोडली तर साथीचा वेग कमी होतो आणि दवाखान्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो.

पण गर्दी बंद करणे ही एक गोष्ट आणि गरज बंद करणे ही दुसरी. कॉलेज बंद झाले म्हणून शिकण्याची गरज थांबत नाही. एसटी बंद झाली म्हणून गरोदर बाईचे दिवस पुढे ढकलले जात नाहीत. ज्या ज्या ठिकाणी एक दार बंद करताना शेजारी दुसरे उघडले, तिथे माणसे तरली. जिथे फक्त कुलूप लागले, तिथे माणसे मेली किंवा मागे पडली. सगळी हकिकत या एका कसोटीवर घासून पाहू.

कायदा एकच, वागणे दोन प्रकारचे

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लावला, तो १८९७ सालचा होता. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी तो केला. या कायद्याने सरकारला घरे तपासण्याचा, माणसे वेगळी ठेवण्याचा आणि जमाव रोखण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात तो ज्या दंडेलीने वापरला गेला, त्यामुळे लोक आजारी माणसाला लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे वाढलेली साथ, हे आरोग्याच्या कामातले जुने सत्य आहे.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाईंनी काय केले? त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. कायद्याने दार बंद करता येते. दुसरे दार उघडण्यासाठी माणसे लागतात, जागा लागते आणि वस्तीपर्यंत जाणारे पाय लागतात. १८९७ साली हे जेवढे खरे होते, तेवढेच २०२० सालीही.

जिथे दुसरे दार उघडले

पहिले दार वसतिगृहांचे. मुले घरी गेल्यावर खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. किलेअर्कच्या समाजकल्याणच्या वसतिगृहात कोविड केअर सेंटर सुरू झाले. शहरातल्या काही कॉलेजांच्या वसतिगृहांतही तशीच सोय झाली. वसतिगृहच का? तिथे ओळीने खोल्या असतात, खाटा असतात, संडास-न्हाणीघर असते, एकच फाटक असल्याने येणे-जाणे सांभाळता येते. ज्याला सौम्य लक्षणे आहेत पण ज्याच्या घरी एकाच खोलीत सहा माणसे राहतात, त्याला वेगळे राहायला जागा मिळाली. बंगल्यातल्या माणसाला घरीच वेगळे राहता येते. दहा बाय दहाच्या घरात ते जमत नाही. म्हणून अशी केंद्रे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ती आपल्या वस्त्यांना. तिथे जायला लाज किंवा भीती नको.

दुसरे दार प्रयोगशाळांचे. सुरुवातीला तपासणीचे नमुने दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत आणि अहवाल येईपर्यंत दिवस जात. घाटीत तपासणी सुरू झाली. विद्यापीठाच्या आवारातल्या डीएनए बारकोडिंग केंद्रातही २०२० मध्येच कोरोना चाचणीची प्रयोगशाळा उभी राहिली. एरवी प्राणी-वनस्पतींच्या जाती ओळखणारी यंत्रे आणि ती चालवणारी शिकलेली मुले आता विषाणू शोधू लागली. कॉलेजच्या शहराची खरी ताकद ही आहे. आपली लेकरे विज्ञान शिकतात तेव्हा त्यांच्या पदवीबरोबर समाजाची ही तयारीही होत असते.

तिसरे दार पोटाचे. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झाली होती. टाळेबंदी लागताच ती पाच रुपयांना केली आणि एप्रिल २०२१ मध्ये काही काळ फुकट दिली. बसून जेवण्याऐवजी ती बांधून मिळू लागली. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य जादा आणि मोफत आले. गर्दी टाळली, पण भूक नाकारली नाही. सेवा बदलणे म्हणतात ते हेच.

चौथे दार दारोदार फिरणाऱ्या बायांचे. आशाताई, अंगणवाडीताई आणि एएनएम घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होत्या. सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हे काम राज्यभर झाले. पण ज्यांनी हे दार उघडे ठेवले, त्यांना पुरेसा मोबदला मिळाला नाही. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले. सेवा मागायची तर सेवा देणाऱ्या बाईच्या कष्टाचा दामही आपणच तिच्या बाजूने मागितला पाहिजे.

जिथे फक्त कुलूप लागले

सगळ्यात दुखरी आठवण आपल्याच जिल्ह्यातली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे होते, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने ते भुसावळच्या दिशेने रुळावरून चालत निघाले होते. काम बंद, मजुरी बंद, बस बंद, प्रवासी गाड्या बंद. रुळावर गाडी येणार नाही असे त्यांना वाटले असेल, तर त्यात नवल काय? वाहतूक बंद करताना अडकलेल्या माणसाला नेण्याची सोय आधीच केली असती, तर हे जीव वाचले असते. कोट्याला शिकायला गेलेल्या मुलांसाठी त्याच सुमारास राज्याने एसटी पाठवल्या. ते योग्यच झाले. पण मजुरालाही तीच एसटी तितक्याच लवकर मिळायला हवी होती.

दुसरे कुलूप आजाराच्या इतर इलाजांना लागले. दवाखाने कोरोनात गुंतले, एसटी बंद, घरात भीती. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख टीबी रुग्णांची नोंद झाली. २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. टीबी कमी झाला असे नाही, तपासणी कमी झाली. जे सापडले नाहीत ते घरातच खोकत राहिले आणि घरातल्यांना लागण देत राहिले. बीपी आणि शुगरच्या गोळ्या, बाळांच्या लसी, गरोदरपणाची तपासणी, डायलिसिस या गोष्टी कोणत्याही साथीत थांबवून चालत नाहीत. अशा वेळी महिन्याच्या गोळ्या एकदम देणे, लसीकरण मोकळ्या अंगणात वेळा वाटून घेणे, हे करता येते. ते आपण मागायला हवे.

तिसरे कुलूप शिक्षणाला. वर्ग ऑनलाइन झाले, म्हणजे ज्याच्या घरी फोन आणि रेंज त्याचा वर्ग चालू. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो बाप कामावर नेतो, त्या घरच्या मुलीचे काय? अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालाने परीक्षा घेणे बंधनकारक ठरले आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या विद्यापीठाने त्या घेतल्या. ऑनलाइन आणि ऑफलाइन असे दोन्ही मार्ग ठेवले, हे चांगले झाले. ज्याच्याकडे रेंज नाही त्याला जवळच्या केंद्रावर जाऊन पेपर देता येतो. कोणतीही सेवा ऑनलाइन करताना तिची एक हातातली, कागदावरची वाट राहिलीच पाहिजे, हा त्यातला धडा.

बदल वेळेवर सांगणे हाही सेवेचाच भाग आहे. १४ मार्च २०२१ ची एमपीएससीची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. खोलीभाडे, मेस आणि गावाकडून आलेले पैसे यांचा हिशोब त्यांनी त्या तारखेवर बसवलेला होता. शेवटी ती परीक्षा २१ मार्चला झाली.

कार्यक्रमांचे काय झाले?

आपल्या समाजासाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. १४ एप्रिल २०२० ची जयंती मिरवणुकीशिवाय झाली. लोकांनी घरीच वंदना घेतली, दारात दिवे लावले. त्या वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले आणि कार्यक्रम दूरदर्शनवर दाखवला गेला. आषाढीच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या, गणपतीच्या मूर्तींची उंची ठरवून दिली गेली, ईदची नमाज घरी झाली. बंधन सगळ्यांवरच होते.

अनेकांना वाटले, जयंती साधी झाली म्हणजे बाबासाहेबांचा मान कमी झाला. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजाला विज्ञाननिष्ठ धम्म दिला, त्याने विज्ञानाचे ऐकून एक वर्ष घरी थांबणे हा त्या धम्माचा मानच आहे. मात्र कार्यक्रम रद्द आणि कार्यक्रम बदलला यातला फरक इथेही पाहावा. मिरवणूक आणि डीजेचा पैसा धान्याच्या किटला, औषधाला, मुलांच्या मोबाईल रिचार्जला वळवता येतो. वेळ ठरवून, थोडे थोडे लोक बोलावून रक्तदान करता येते, कारण साथीत रक्तपेढ्या रिकाम्या पडतात पण बाळंतिणीला आणि अपघातातल्या माणसाला रक्त लागतेच.

पुढे कधी साथ असताना कार्यक्रम घ्यायचा झाला, तर जयंती मंडळाने हे चार प्रश्न विचारावेत. जागा मोकळी आहे की बंद? बंद विहारातल्या पन्नास माणसांपेक्षा मैदानातली पन्नास माणसे कमी धोक्याची. कार्यक्रम किती वेळ चालणार? अर्ध्या तासाची वंदना चालेल, चार तासांची भाषणे नकोत. आवाज किती? जोरात गाताना आणि घोषणा देताना तोंडातून जास्त थेंब उडतात, म्हणून मास्क आणि अंतर हवे. जेवण कसे? पंगतीत सगळ्यांचे मास्क एकदम उतरतात, म्हणून जेवण बांधून द्यावे.

लस आणि रेशन

नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात लसीचा पहिला डोस घेणाऱ्यांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच कमी होते. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला की किमान एक डोस घेतल्याचे दाखवल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. लस घ्यावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. लसीने गंभीर आजार आणि मृत्यू कमी होतात. पण रेशन हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो बक्षीस म्हणून द्यायचा किंवा शिक्षा म्हणून काढायचा विषय नाही. पेट्रोल थांबले तर गाडीवाल्याचा खोळंबा होतो, धान्य थांबले तर लेकरू उपाशी राहते.

वस्तीत लोक लस का टाळत होते? ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडेल, घर कोण सांभाळेल, ही भीती होती. तिचा इलाज कामावरून परतल्यावर संध्याकाळी लस, रेशन दुकानाशेजारीच लसीचे टेबल आणि ओळखीच्या ताईने समजावून सांगणे, हा आहे. त्याच काळात 'हर घर दस्तक' मोहिमेत लस घरापर्यंत आणली गेली आणि 'मिशन युवा स्वास्थ्य'मध्ये कॉलेजातच विद्यार्थ्यांना लस दिली. लोक जिथे आहेत तिथे सेवा नेली की धाक दाखवावा लागत नाही.

आता पिशोरमध्ये काय करायचे?

साथ नसताना केलेली तयारीच साथीत कामी येते. महिला मंडळ, जयंती मंडळ आणि शिकणारी मुले मिळून एवढे करा.

१. वस्तीची यादी एका वहीत ठेवा. गरोदर माता, एक वर्षाखालची बाळे, टीबी, बीपी, शुगर, दमा आणि डायलिसिसचे रुग्ण, एकटे राहणारे म्हातारे. ही वही आशाताईंच्या सल्ल्याने सांभाळा आणि कुणाचा आजार चव्हाट्यावर येऊ देऊ नका.

२. ज्याच्या घरी वेगळी खोली नाही, त्याला कुठे ठेवायचे ते आधीच ठरवा. समाजमंदिर किंवा शाळेची खोली चालते. खिडक्या, पाणी आणि संडास हवेत. ग्रामसभेत हा ठराव मांडा.

३. शहरातून परतणाऱ्या विद्यार्थ्याला वाळीत टाकू नका. त्याला हवेशीर जागी झोपायला द्या, ताट वेगळे वाढा, मास्क लावायला सांगा आणि आजी-आजोबांपासून काही दिवस लांब ठेवा. अंतर आजारापासून ठेवायचे असते. आपल्या पूर्वजांनी माणसापासून ठेवलेले अंतर भोगले आहे, ते आपण कुणाला देणे शोभत नाही.

४. धोक्याच्या खुणा पाठ करा. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस गुंगीत जाणे, मिनिटाला चोवीस किंवा जास्त श्वास, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली. यातले एक जरी दिसले तरी थांबू नका, १०८ ला फोन करा. गरोदर मातेसाठी १०२ आणि आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आहे.

५. विहारात किंवा समाजमंदिरात मोकळ्या हवेची अभ्यासाची जागा करा. कॉलेज शिकलेल्या दोन मुलांनी वस्तीच्या लेकरांचा वर्ग थोड्या थोड्या मुलांच्या गटांत घ्यावा. वर्ग बंद झाला तरी अभ्यास बंद पडता कामा नये.

६. एखादी सेवा बंद झाल्याचा फलक दिसला, तर लेखी अर्ज द्या आणि एकच प्रश्न विचारा, 'याऐवजी काय, कुठे आणि कधीपासून?' अर्जाची पोच घ्या.

हा सहावा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. भांडायची गरज नाही, घाबरायचीही नाही. दवाखाना, रेशन दुकान, कॉलेज, एसटी डेपो, ग्रामपंचायत, कुठेही हाच प्रश्न चालतो. साथीत दार बंद करावे लागते हे आपण समजून घेऊ. पण दुसरे दार कोणते, हे सांगितल्याशिवाय पहिल्याला कुलूप लावू देणार नाही, एवढे येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर सगळ्यांनी बसून ठरवा आणि वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहा.

जयभीम.